बेचाळिसावं मत

४ सप्टेंबर

वहिनी,

सोबतचा गठ्ठा पाहून दचकू नकोस. कागद आहेत.

आमच्या विद्यापीठात यंदापासून एक नवीन खूळ निघालंय. विद्यार्थ्यांनी शिक्षकांना मार्क द्यायचे. मी दुसऱ्या वर्षाला समाजशास्त्रातला ‘कुटुंब आणि समाज’ हा विषय शिकवते, त्या वर्गातल्या एक्केचाळीस जणांनी माझ्याबद्दलचे फॉर्म भरून दिलेत. नाव लिहायचं नाही, त्यामुळे जीभ सोडायला मोकळे. ते वाचून मी दोन पानांचं उत्तर लिहायचं आणि फॉर्मसकट तीस तारखेच्या आत विभागप्रमुखांकडे द्यायचं. मग समिती ठरवणार, पुढच्या वर्षी हा विषय माझ्याकडे राहील की नाही. एकोणीस वर्षं शिकवतेय मी तो.

खरं सांगते, गठ्ठा आठवडाभर कपाटात पडून होता. दोरी सोडायला हात होत नाही. विभागात कुणाला दाखवायची सोय नाही, दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी होईल. तू लांब आहेस, दादा गेल्यापासून तुझं वाचनही पुष्कळ झालंय आणि तू कुणाची भीड धरत नाहीस. कॉलरी शिवायच्या कामातून वेळ काढून तेवढे वाच आणि मुख्य मुद्दे एका पानावर लिहून पाठव.

चांगलं लिहिलं असेल ते आधी लिही.

तुझी नणंद

११ सप्टेंबर

मास्तरीण,

गठ्ठा मिळाला. या आठवड्यात कारखान्याला तीनशे कॉलरी द्यायच्या आहेत, त्यामुळे एका बैठकीत झालं नाही. चोवीस वाचले.

चांगलं आधी लिहायला सांगितलंस म्हणून आधी लिहिते. तू वेळेवर येतेस. हे सगळ्यांनी लिहिलंय. एकाने त्यापुढे ‘दुर्दैवाने’ असा शब्द जोडलाय.

चांगलं संपलं.

एक म्हणतो, मॅडमचा तास म्हणजे शेजारच्या घरातला रेडिओ, आपल्याला बंद करता येत नाही. एकीने लिहिलंय की तुझ्या टिपणांचे कागद पिवळे पडलेत आणि विनोदही त्याच कागदांवर लिहिलेले असणार, कारण तू नेहमी पान उलटल्यावरच हसतेस. तिसऱ्याने एकच ओळ लिहिली आहे: ‘मॅडमना समाज आवडतो, माणसं आवडत नाहीत.’ ही मी दोनदा वाचली.

पण खरी तक्रार पुढेच आहे. ती जशीच्या तशी उतरवते. ‘मी तीन वेळा हात वर केला. तिन्ही वेळा मॅडमनी माझे पहिले चार शब्द ऐकले आणि उरलेला प्रश्न स्वतःच पूर्ण करून त्याचं उत्तर दिलं. माझा प्रश्न वेगळा होता. तो अजून माझ्याकडेच आहे.’ चोवीसपैकी नऊ जणांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच लिहिलंय. एक जण खोडसाळपणे लिहील, दोघं लिहितील. नऊ जण एकच रडगाणं गातात तेव्हा कुठेतरी दुखत असतं.

वाचताना आधी हसले, मग तुझी कीव आली. लहानपणी तू दारातले सगळे बूट-चपला ओळीत मांडून त्यांना शिकवायचीस, म्हणून तुझ्या दादाने तुझं नाव मास्तरीण ठेवलं. चपलांचं बरं असतं ग. त्या हात वर करत नाहीत.

उरलेले रविवारी वाचते.

वहिनी

१६ सप्टेंबर

वहिनी,

मी मुद्दे मागितले होते, टोमणे नाही. ते तुझे की त्यांचे हेही पत्रावरून कळत नाही.

विशीतली पोरं आहेत ती. पुस्तक उघडायचं नाही, तासाला खिडकीतून बाहेर बघायचं आणि मग फॉर्म आला की सगळे विद्वान. मी प्रश्न पूर्ण ऐकत नाही म्हणे! एकोणीस वर्षं तेच ते प्रश्न ऐकतेय. शेंडा दिसला की मला बुडखा कळतो. सत्तर मुलांची ये-जा असलेल्या खोलीत प्रत्येकाचं त-त-प-प ऐकत बसले तर वर्ष पुरणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण शाळा सोडलीस तेव्हा तू चौथीत होतीस. वर्ग सांभाळणं म्हणजे काय ते तुला लांबून कळायचं नाही.

उरलेले सतरा नीट वाच. दरवर्षी माझा एक तास असा होतो की पहिल्या बाकावरच्या मुली डोळे पुसतात. तो कुणी ना कुणी लिहिलाच असेल. तो शोध. मला तोच उत्तरात वापरायचाय.

तुझी नणंद

२० सप्टेंबर

तुझा तास सापडला.

वरून तेहेतिसावा कागद. जसाच्या तसा उतरवते.

‘मॅडमचे बाकीचे तास कंटाळवाणे असतात, पण वहिनीचा तास मी विसरणार नाही. मॅडमच्या वहिनीला तिच्या नवऱ्याने जन्मभर शिलाई मशीनला जुंपलं आणि पुस्तकाला हात लावू दिला नाही. तो मेला आणि त्याच महिन्यात ती वाचायला लागली. घरातली सत्ता म्हणजे काय ते मला दहा पुस्तकांनी कळलं नसतं. असा माणूस मेला ते बरंच झालं.’

एक्केचाळिसांत तुझं कौतुक करणारा हा एकच कागद आहे.

दुसऱ्या एकाला तुझा हाच तास ठाऊक आहे. तो लिहितो, वरच्या वर्गातल्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, वहिनी येणार, नवरा मरणार, मग मॅडम चष्मा काढणार. कितव्या मिनिटाला काढतात यावर मागच्या बाकांवर पैज लागते.

तुला वहिनी एकच आहे. भाऊही एकच होता. किती वर्षं सांगतेस हे?

वाचलं तेव्हा कात्री हातात होती. ती खाली ठेवली आणि मशीनखाली दाबलेलं कापड तसंच सोडून उठले. आज तिसरा दिवस, कापड तिथेच आहे.

२३ सप्टेंबर

वहिनी,

तुला त्रास झाला याचं मला वाईट वाटतं. पण जरा शांतपणे घे.

पहिलं म्हणजे मी कधीही कुणाचं नाव घेतलेलं नाही. दुसरं म्हणजे, हे सगळं तू मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. सहा वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे आले होते, दादाला जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या वहीत तारखेसह नोंद आहे. मी विचारलं, तू कधीपासून वाचायला लागलीस? तू म्हणालीस, तो गेल्यावर. आणि बाकीचं मी वर्षानुवर्षं या डोळ्यांनी पाहिलंय. कधीही आले तरी तू मशीनवर वाकलेली आणि दादा खुर्चीत टेकून पुस्तक वाचतोय. एकदा तरी उलटं दिसलं का? बहीण म्हणून मला ते बोलायला सोपं गेलं असेल का? तरी बोलले, कारण मुलांना आपल्या घरात बघायला शिकवायचं तर आधी आपलं घर उघडावं लागतं.

तू त्याची बाजू घेणार हेही स्वाभाविकच आहे. त्यालाही आमच्या शास्त्रात नाव आहे.

आता फॉर्म परत पाठव. तो तेहेतिसावा सगळ्यात वर ठेव.

तुझी नणंद

२५ सप्टेंबर

जिला तुझ्या शास्त्रात नाव आहे ती मी लिहितेय.

नऊ जण म्हणतात तू चार शब्द ऐकतेस. माझ्या वाट्याला दोनच आले. ‘तो गेल्यावर’ एवढं मी म्हटलं आणि तू ते लिहून वही मिटलीस, कारण तुझ्या गाडीची वेळ झाली होती. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. तुझी पिशवी उचलून दारापर्यंत आले तेव्हाही होतं. सहा वर्षांनी लिहितेय, तर आता सावकाश वाच.

कॉलर कशी होते ते तुला माहीत नाही. दोन कापडं आणि मधलं कडक बकरम तीन बाजूंनी उलटं शिवायचं, कोपरे कापायचे, मग मशीन थांबवून ती सुलटी करायची आणि काडीने टोकं बाहेर काढायची. त्याला मिनिटभर लागतं. तेवढ्या मिनिटात तुझा दादा वाचायचा. माझ्यासाठी, मोठ्याने. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी, तिथल्या घरघरीमुळे त्याला ओरडूनच बोलायची सवय होती. मी पुढची कॉलर मशीनखाली सरकवली की तो ओळीवर बोट ठेवून थांबायचा, कारण मशीनच्या आवाजात मला ऐकू येत नसे. एका कॉलरीला पाच-सहा ओळी. एक पुस्तक चार-चार महिने पुरायचं. कामाची घाई असली की मी भराभर उलटवायची आणि तो चिडायचा, ‘अग, वाक्य तरी पुरं होऊ दे!’

तू पाहिलंस ते खरंच पाहिलंस. मी मशीनवर, तो खुर्चीत पुस्तक घेऊन. तू आलीस की तो पुस्तक मिटून उठायचा आणि तुझ्यासाठी चहाचं पाणी ठेवायला जायचा. तेवढंच तुला दिसायचं.

आणि हे सुरू कुणामुळे झालं? तुझ्या शेवटच्या परीक्षेच्या आधी तुझे डोळे आले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून बारा दिवस आमच्या खोलीत पडून होतीस, वर्ष फुकट जाणार म्हणून रडत होतीस. कामावरून आल्यावर तुझं समाजशास्त्राचं जाडं पुस्तक त्याने तुला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलं. अवघड शब्द आला की अडखळायचा, तू हसायचीस. मी मशीनवरच होते. तू बरी होऊन गेलीस आणि घर मुकं वाटायला लागलं. तेव्हा मीच त्याला म्हटलं, आता काहीतरी वाच. तुझं ते शास्त्र तुझ्याइतकंच मीही ऐकलंय.

तो गेला तेव्हा एक पुस्तक अर्ध्यावर होतं. कामावर परत बसले. कॉलर उलटवायला मशीन थांबवलं की काहीच ऐकू येईना. दोन आठवडे नुसत्या शिवून ठेवत गेले, उलटवल्या नाहीत. उलट्या कॉलरींचा हा एवढा ढीग झाला. कारखान्याचा माणूस येऊन बडबडून गेला. मग एका दुपारी मी पुस्तक उघडलं. चौथीपर्यंतचं वाचन माझं, बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. पुढे काय झालं ते मला सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी वाचायला लागले.

ते पुस्तक संपवायला वर्ष गेलं. त्यानंतर किती वाचली, मोजली नाहीत. अजूनही पाच-सहा ओळी वाचल्या की माझी मी थांबते.

आणि तुझ्या वर्गातलं एक पोर लिहितं, तो मेला ते बरंच झालं.

गठ्ठा माझ्याकडे आहे. वर्गात जाऊन हे सगळं सांग. मग मिळेल.

२७ सप्टेंबर

वहिनी,

याला सरळ भाषेत अडवणूक म्हणतात. ते विद्यापीठाचे कागद आहेत. मी ते बाहेर पाठवले हे कुणाला कळलं तर विषय राहिला बाजूला, माझी चौकशी लागेल. तीस तारखेला तीन दिवस उरलेत.

वर्गासमोर उभं राहून मी काय म्हणू? की सहा वर्षं जे शिकवलं ते चुकीचं होतं? ज्या पोरांना माझी रेवडी उडवायला निमित्तच हवंय, त्यांच्या हातात आणखी एक दगड देऊ? एकोणीस वर्षांचं काम एका कॉलरीपायी घालवू?

दादा असता तर त्याने गठ्ठा पहिल्या गाडीने पाठवला असता.

२८ सप्टेंबर

शेवटचं वाक्य खरं लिहिलंस. पहिल्या गाडीनेच पाठवला असता. तसाच पाठवतेय. उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल.

पोरांचं बोलणं मध्येच अडवणारी मी कोण? ते काम तुझं आहे.

गठ्ठ्यात बेचाळीस कागद आहेत. तळाशी एक कोरा फॉर्म चुकून राहिला होता, तो मी भरलाय. तो ठेवायचा की फाडायचा ते तुझं तू बघ. तू फाडलास तरी मला कळणार नाही. मी विचारायलाही येणार नाही. पुन्हा पत्र मात्र पाठवू नकोस.

[बेचाळिसावा फॉर्म]

शिक्षक तासाला वेळेवर येतात का?
येते. वेळेवर निघतेही. घोळ तिथेच होतो.

विषयाची तयारी असते का?
असते. समोरच्याचं ऐकायच्या आधीच झालेली असते.

विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात का?
प्रश्न संपेपर्यंत थांबली तर देईल. हुशार आहे.

विषय रोजच्या आयुष्याशी जोडून शिकवतात का?
जोडते. उलट्या बाजूने शिवते आणि सुलटं करायचं विसरते.

इतर काही सूचना:
उदाहरणातला माणूस चांगला होता. तो मेला ते बरं झालं नाही.

१९ ऑक्टोबर

वहिनी,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवतेय.

बेचाळीसच्या बेचाळीस कागद दिले. तुझा सगळ्यात वर ठेवला. आधी काढून खणात टाकला होता, हेही सांगते. तीस तारखेला दुपारी परत काढला. दोन पानांचं उत्तर लिहून तयार होतं, मुलं कशी वाचत नाहीत, काळ कसा बदललाय, वगैरे. ते दिलं नाही. चार ओळी दिल्या. वरचा फॉर्म माझ्या वहिनीने भरलेला आहे, तो बरोबर आहे, खालच्यांपैकी बरेच बरोबर आहेत, आणि हे कागद मी स्वतःच तिच्याकडे पाठवले होते.

समितीने विषय काढून घेतला. पुढच्या वर्षापासून एक तरुण शिक्षक शिकवेल. वर एक ताकीदही मिळाली. या विषयाचं सत्र संपतंय, माझे आता तीन तास उरलेत.

परवा वर्गात सांगितलं. कॉलर, बकरम, पाच-सहा ओळी, माझे बारा दिवस, सगळं. टिपणं नेली नव्हती. चष्मा काढला नाही. माझं बोलून झालं. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘मॅडम, फॉर्म बघून गोष्टीचा शेवट गोड केलात का?’ सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, आधीची गोष्ट बरी होती. मी म्हटलं, बरी असेल, पण ही खरी आहे. तर मागचा तो म्हणाला, ‘आधीचीपण खरीच होती ना?’



अजून एक. हे समितीला लिहिलं नाही, वर्गातही बोलले नाही. ते बारा दिवस मी विसरले नव्हते. डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे त्या दिवसांतला मला फक्त त्याचा आवाज आठवतो, आणि तो चांगला आठवतो. पण ते दिवस त्या गोष्टीत बसत नव्हते, म्हणून बाजूला ठेवले. एकदा बाजूला ठेवल्यावर दरवर्षी ते सोपं होत गेलं.

माझ्या तोंडून ती पोरं आता काहीही खरं मानणार नाहीत. मी काय करू?

२३ ऑक्टोबर

मास्तरीण,

तू प्रश्न विचारलास आणि त्याचं उत्तर स्वतःच न देता पत्र संपवलंस. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. तुला ते दिवस आठवत होते हे वाचल्यापासून राग वाढलाच आहे. आठवत नव्हते असं समजून मी इतके दिवस थोडातरी आवरत होते.

तुझ्यावर ती पोरं विश्वास ठेवणार नाहीत, हे बरोबर आहे. मीही ठेवला नसता. तेव्हा शेवटचा तास कधी आहे ते कळव. मी येतेय. मला स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, विचारत विचारत येईन.

मी आले की तू खाली बसायचंस. मागच्या बाकावर, पोरांमध्ये. वही आणायची नाही.

भाषण मला जमणार नाही. मी उलट्या शिवलेल्या दहा कॉलरी घेऊन येईन आणि त्याचं ते अर्ध्यावर राहिलेलं पुस्तक. तो थांबला होता त्या पानात बकरमची पट्टी अजून आहे. शेवट गोड केलात का म्हणणारा जो तुझा शहाणा आहे, त्याला पुढे बोलव. मी कॉलर उलटवीन तेवढा वेळ त्याने वाचायचं. कॉलर खाली ठेवली की ओळीवर बोट ठेवून थांबायचं, दुसरी उचलली की पुढे. वाक्य अर्ध्यात तुटलं तर तुटू दे. दहा कॉलरी होईपर्यंत असंच. मग त्यालाच विचारू या, खरी गोष्ट कुठली. मशीन नसलं तरी हातांना सवय आहे.

पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला माझ्या जवळ बसव. तेहेतिसावा कागद तिचाच असावा असं मला वाटतं. तिला काही बोलू नकोस. जे तिने ऐकलं ते मी ऐकलं असतं, तर मीही तेच लिहिलं असतं.

आणि ज्याचा प्रश्न अजून त्याच्याकडेच आहे, त्याला सांग, घेऊन ये. तो पूर्ण विचारून होईपर्यंत मी गप्प बसेन. तुझ्यावर माझं लक्ष असेल.

वाचणाऱ्याला एवढं आधीच सांगून ठेव की पुटपुटलेलं चालणार नाही. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. तुझा दादा मोठ्याने वाचायचा.

वहिनी